ओळ तोडणारे काका

ऑफिसात पहिल्याच दिवशी ते माझ्यावर ओरडले, आणि ओरडले तेही मराठीत. मी सांगलीहून कोलकात्याला नोकरीसाठी आलेली. आल्यापासून मराठीचा एक शब्द कानावर पडला नव्हता, आणि पडला तो असा: "अगं ए, लोकांना श्वास घेऊ देशील की नाही? का एका दमात मारणार आहेस सगळ्यांना?"

मी खुर्चीतच गार पडले. मागे वळून बघते तर एक उंच, किडकिडीत गृहस्थ पोटावर तळहात ठेवून उभे. माझ्या स्क्रीनवरचा संदेश ते मोठ्यानं वाचत होते. संदेश काय, तर ओळखपत्र दाखवून आत यावे, मोबाईल पहारेकऱ्याकडे द्यावा आणि हेल्मेट घातल्याशिवाय पुढे जाऊ नये. साधी गोष्ट. पण हे गृहस्थ एका श्वासात वाचत सुटले, मध्यावर आले आणि खरोखरच धापा टाकायला लागले. चेहरा लाल, मान ताणलेली. मला वाटलं, आता पडतात इथेच! मी पाण्याची बाटली पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली आणि म्हणाले, "पाणी नको. ओळ तोड."

अहो, मी थक्क झाले. बाकी सगळे मान खाली घालून आपापलं काम करत होते, जणू रोजचंच. रोजचंच होतं ते.

आमची कंपनी फलकांचं सॉफ्टवेअर करायची. कारखान्यात, गोदामात, तेलाच्या डेपोत दिव्यांचे मोठे फलक असतात ना, त्यांच्यावर कुठली सूचना कशी दिसेल ते आम्ही लिहायचो. हे गृहस्थ आमच्यातले सगळ्यात ज्येष्ठ. नोकरी कायमची नव्हती, दर वर्षी नव्यानं करार व्हायचा. वडिलांची बँकेतली बदली झाली म्हणून शाळकरी वयात साताऱ्याहून इथे आले, आणि वडील परत गेले तरी हे राहिले. बायको बंगाली. मराठी मात्र त्या शाळकरी वयातलंच जपून ठेवलेलं. "फार बेस झालं" असं म्हणणारा माणूस मी त्याआधी फक्त आजोळी पाहिला होता. ऑफिसात सगळे त्यांना दादा म्हणायचे. माझ्या तोंडून काका आलं. "काका म्हणू नकोस, वय वाढतं," असं ते म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी मी सर म्हटलं तर त्यांनी ओच दिली नाही. मग काकाच राहिलं.

आता हे ओळ तोडणं म्हणजे काय, ते सांगते, कारण त्यावाचून या माणसाचं काहीच कळणार नाही. प्रोग्राम लिहिताना एखादा मजकूर अवतरण चिन्हांत लिहायचा असतो. त्यात मध्येच नवी ओळ हवी असली तर एक उलटी तिरकी रेघ काढायची आणि तिच्या पुढे एन. बस. आपल्याला दिसायला दोन खुणा, पण मशीन त्यांना एक समजतं, त्या छापत नाही, गुपचूप खालच्या ओळीवर उतरतं. शिकायला दोन मिनिटं लागतात. जगभरची पोरं रोज करतात आणि विसरून जातात. काका विसरत नसत. काकांचं अख्खं आयुष्य त्या दोन खुणांमध्ये अडकलेलं होतं.

त्यांचा नियम असा: संदेश आधी उभं राहून मोठ्यानं वाचायचा. पोटावर हात ठेवायचा. जिथे श्वास संपेल तिथे ती खूण घालायची. हल्लीची मशीनं जागा संपली की ओळ आपोआप तोडतात, तर त्याचा त्यांना भयंकर राग. "त्याला कुठे दम लागतो? ज्याला दम लागत नाही त्यानं ओळ तोडू नये," असं म्हणायचे. कुणी म्हणालं, दादा, काय फरक पडतो, लोक वाचतातच की, तर ते एकदम गंभीर व्हायचे. "ऑफिसात बसलेला माणूस काहीही वाचतो. घाबरलेला माणूस वाचत नाही. त्याला लहान लहान घास भरवावे लागतात."

हे ऐकलं की मात्र मी मुकाट्यानं उभी राहून वाचायचे. एरवी माझी नुसती चिडचिड व्हायची. नव्यानं आलेल्या प्रत्येकाला त्यांनी उभं करून वाचायला लावलेलं. एका गुजराती मुलीनं वैतागून दुसरीकडे नोकरी धरली. बालीगंजच्या बाजारातल्या मिठाईच्या दुकानात त्यांनी मालकाशी भांडण काढलं, का तर 'संदेश' या बंगाली मिठाईच्या पाटीवर 'ताजा' वरच्या ओळीत आणि 'संदेश' खालच्या. मी बाजूला उभी, शरमेनं अर्धमेली. मालक बिचारा विचारतोय, दादा, मिठाई देऊ की नको? आणि हे म्हणतात, "आधी पाटी!" मिठाई मिळाली नाहीच.

डबा उघडला की आधी भात, मग पाण्याचा घोट, मग मासा, मग घोट. कालवाकालव म्हणून नाही. फोनवर बोलताना मध्येच थांबायचे. पलीकडच्याला वाटायचं फोन कटला. तो हॅलो हॅलो करायला लागला की हे शांतपणे म्हणायचे, "आहे. ओळ संपली होती."

त्यांच्या घरी मी रविवारी जायचे. कोलकात्यात आमटीभात मिळायची ती एकच जागा होती माझी. काकूंना मराठी कळायचं, बोलताना त्यांची गाडी घसरायची. एकदा मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "तुझा काका पागल आहे, तुला माहीत आहे? आमचा लग्नाचा कार्ड, हा प्रेसमध्ये जाऊन बसला. इथे ओळ तोड, तिथे तोड. प्रेसवाला रडला. कार्ड लोकांना कधी गेला? लग्न होऊन गेला, मग गेला!" काका आतून ओरडले, "पण कार्ड कसं होतं ते सांग ना!" काकू पदर खोचत म्हणाल्या, "कार्ड सुंदर होता."

असा माणूस. आता बजबजचं सांगते. कोलकात्याजवळचं नदीकाठचं गाव. तिथल्या एका तेलाच्या डेपोचं काम आमच्याकडे होतं. गळती झाली, आग लागली, तर नियंत्रण कक्षातल्या बाईनं एक बटण दाबायचं आणि आवारातल्या सगळ्या फलकांवर तयार संदेश झळकायचा. त्या बाईंचं नाव मौसुमी. सगळे त्यांना मौसुमीदी म्हणायचे. त्याही करारावरच होत्या. संदेश अर्थातच काकांनी लिहिलेले, बंगालीत आणि हिंदीत, प्रत्येक ओळ श्वासानं मोजलेली. गळतीचा संदेश मराठीत सांगायचा तर असा होता:

गळती झाली आहे. बाहेर पडा.
नदीकडच्या फाटकाकडे जाऊ नका.
रेल्वेकडच्या फाटकातून जा.

त्या वर्षी डेपोनं जुने फलक काढून नव्या बनावटीचे बसवले. बसवणाऱ्यांनी एका ओळीचा 'ही चाचणी आहे' असा संदेश सगळीकडे पाठवला, तो सगळीकडे दिसला, आणि सगळ्यांनी सह्या केल्या. आमच्या ऑफिसातल्या स्क्रीनवर तर तिन्ही ओळी छान दिसतच होत्या. काकांनी त्या पुन्हा एकदा उभं राहून वाचल्या होत्या.

मग डेपोत सराव ठरला. खोटी गळती, खरा भोंगा. काका, मी आणि आमचे मॅनेजर, तिघं बघायला गेलो. आम्हाला नदीकडच्या फाटकापाशी उभं केलं. गळती तिथेच झाली आहे असं धरलेलं, त्यामुळे तिकडे कुणी फिरकायलाच नको होतं. तिथे सुरक्षा विभागाचा एक तपासनीस हातात लाल फितींचा गठ्ठा घेऊन बसला होता. जो चुकून तिकडे येईल त्याच्या दंडाला लाल फीत बांधायची. लाल फीत म्हणजे हा माणूस मेला.

"एवढा गठ्ठा कशाला आणलात?" काका त्याला हसत हसत म्हणाले. "आमचे फलक आहेत. उघडाल की नाही शंका आहे."

भोंगा वाजला. आणि अहो, काय सांगू, लोक आले! एकटादुकटा नाही, लोंढाच आला. जेवणघर त्या बाजूला, घरी जायची रोजची वाट त्या बाजूची, मग बाहेर पडा म्हटल्यावर माणूस कुठे जाणार? हसत, खिदळत, एकमेकांना ढकलत सगळे थेट आमच्या अंगावर. तपासनीस फिती बांधतोय, बांधतोय, फिती संपायला आल्या. जेवणघरातला एक म्हातारा आचारी, हाताला अजून पीठ लागलेलं, दंड पुढे करून मला म्हणाला, "दीदी, मैं तो मर गया!" आणि खो खो हसला.

मला हसू येईना. मी समोरच्या फलकाकडे बघितलं. त्यावर एकच ओळ होती. गळती झाली आहे, बाहेर पडा. खाली काळं. पुढच्या दोन ओळी नव्हत्याच.

काकांकडे बघायचं धाडस होईना. बघितलं तेव्हा ते फलकाखाली उभे होते आणि त्यांचे ओठ हलत होते. पहिली ओळ वाचायचे, थांबायचे, पोटावरचा हात तसाच, आणि पुढे काही नाही. पुन्हा पहिली ओळ. मी हाक मारली, "काका!" त्यांना ऐकूच गेलं नाही.

दुपारी डेपोच्या साहेबांनी बैठक बोलावली. साहेब संतापलेले, आणि त्यांचा संताप सगळा मौसुमीदींवर. तयार संदेश पाठवायचा सोडून बाईंनी स्वतःच काहीतरी अर्धवट टाईप केलं, असं त्यांचं म्हणणं. मौसुमीदी पदराचं टोक पिळत पुन्हा पुन्हा तेच सांगत होत्या, "सर, मी फक्त बटण दाबलं. दुसरं काही केलं नाही." साहेब म्हणाले, "मग उरलेल्या ओळी हवेत उडाल्या का? उद्यापासून येऊ नका." त्या बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. घरात कमावणाऱ्या त्या एकट्या, हे तिथे सगळ्यांना माहीत होतं, आणि कुणी चकार शब्द काढला नाही.

आमच्या मॅनेजरनी टेबलाखालून माझ्या पायाला पाय लावला आणि पुटपुटले, "गप्प बसा. आपल्यावर आलेलं नाही. दादांचा करार पुढच्या महिन्यात आहे, डेपोचाही आहे." मला त्यांच्या कानाखाली वाजवावीशी वाटली, खरं सांगते. पण काका कुठे होते? खुर्ची रिकामी.

तेवढ्यात दार उघडलं आणि काका आत आले. त्यांच्या दंडाला लाल फीत.

सगळी बैठक अवाक. साहेबांना वाटलं थट्टा चाललीय, ते ओरडणारच होते. काकांनी काही न बोलता लॅपटॉप भिंतीवरच्या तसल्याच नव्या फलकाला जोडला. संदेश पाठवला. एक ओळ दिसली. मग त्यांनी आमच्यादेखत त्या मजकुरातली ती खूण पुसली, उलटी रेघ आणि एन, दोन्ही ठिकाणची, आणि पुन्हा पाठवला. अख्खा संदेश झळकला. सलग, कुठेही न थांबता, कुरूप, पण अख्खा.

"हे नवे फलक," काका म्हणाले, "नवी ओळ आली की समजतात संदेश संपला. पुढचं ऐकतच नाहीत. हे मी बघायला हवं होतं. एका ओळीची चाचणी झाली आणि मी सही केली." मग थांबले. मला वाटलं ओळ संपली. पण ते थांबणं निराळं होतं, दंडावरची फीत ते चाचपत होते. "ओळ मी तोडली. या बाईंनी बटण बरोबर दाबलं होतं. बाहेर ती फीत बांधलेली माणसं आहेत ना, ती मी मारली."

मॅनेजर डोक्याला हात लावून बसले. आयुष्यभर ज्या एका गोष्टीसाठी या माणसानं सगळ्यांशी वैर घेतलं, तीच गोष्ट स्वतःच्या हातानं भर सभेत उकरून काढली. गप्प बसले असते तर कुणाला कळणार होतं? मौसुमीदी टेबलावर डोकं टेकून रडायला लागल्या. साहेबांनी फलकावरचा अख्खा संदेश वाचून काढला, मग ते मौसुमीदींना म्हणाले, "उद्या वेळेवर या."

बजबजहून बालीगंजपर्यंत आम्ही लोकलनं परतलो. काकांनी फीत काढली नव्हती. समोरच्या बाकावरची बाई सारखी त्यांच्या दंडाकडे बघत होती. मी म्हटलं, "काका, सोडा ना ती आता." त्यांनी मान हलवली. "तो आचारी हसत होता गं," एवढंच म्हणाले. संतोषपूरच्या पुढे माझ्याच डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्यांनी रुमाल दिला आणि खिडकीबाहेर बघत बसले.

पुढच्या दिवसांत त्यांनी आमच्या सगळ्या संदेशांतल्या सगळ्या खुणा स्वतः काढल्या. प्रत्येक ओळ वेगळा संदेश म्हणून जाईल अशी सोय केली, बजबजला जाऊन प्रत्येक फलकासमोर उभं राहून ती तपासली. करार अर्थातच पुन्हा झाला नाही. निरोपाचा केक आणला होता, त्यावर त्यांचं नाव आणि शुभेच्छा एकाच ओळीत कोंबलेल्या. आम्ही सगळे श्वास रोखून उभे, आता बोलतील, आता बोलतील. त्यांनी केक कापला आणि सगळ्यांना वाटला. मला तो घास गिळवेना.

नंतर माझी कामं वाढली, रविवार कमी झाले, फोन तेवढे चालू राहिले. या दिवाळीला त्यांचा व्हॉट्सॲपवर संदेश आला आणि तो बघून मी उभ्या उभ्या हादरले. असा होता:

दिवाळीच्या शुभेच्छा यंदा काकूनं स्वतः चकली केली मऊ झाली मी म्हणालो फार बेस कुरकुरीत आहे मौसुमीचा फोन आला होता तिला कायम केलं तू ये आईबाबांना नमस्कार सांग

एकसुद्धा ओळ तोडलेली नाही. पूर्णविराम नाही, काही नाही. हा तोच माणूस? मी घाबरून लगेच फोन लावला. मनात नाही नाही ते आलं.

"काका, तब्येत बरी आहे ना?"

"ठणठणीत. का गं?"

"ओळी कुठे गेल्या तुमच्या?"

पलीकडे शांतता. मी हॅलो म्हटलं नाही, थांबले.

"नाही तोडत मी आता," ते म्हणाले.

"अहो, हे व्हॉट्सॲप आहे! इथे तोडली ओळ तर कोण मरतंय?" बोलून गेले आणि जीभ चावली.

"धडकी भरते गं," काका म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "बोट तिथे जातं, आणि वाटतं, पुढचं पोचलंच नाही तर? म्हणून सगळं एकत्रच पाठवतो. कसं का दिसेना."

इकडचं तिकडचं बोलून फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटली. राग कुणाचा आला होता देव जाणे. मग बाहेर आले, खोलीच्या मधोमध ताठ उभी राहिले, पोटावर हात ठेवला आणि काकांचा तो संदेश मोठ्यानं वाचायला लागले. शेजारच्यांना काय वाटायचं ते वाटो. जिथे श्वास संपला तिथे ओळ तोडली. पुन्हा वाचला. एक जागा बदलली. आणि तो तसा, ओळी पाडलेला, त्यांनाच परत पाठवला. खाली लिहिलं, काका, सगळं पोचलं. शेवटच्या नमस्कारासकट.

दोन निळ्या खुणा उमटल्या. त्यांनी वाचला होता. उत्तर नाही. मी चहा केला, प्यायला, कप विसळला. उत्तर नाही. मला वाटलं, दुखावलं मी त्यांना. कशाला नाही ती उठाठेव केली!

मग फोन वाजला. काकांचा संदेश होता:

दुसरी ओळ चुकलीस.
'मऊ झाली' नंतर तोडायला हवी होती.
तिथे मी थांबलो होतो,
काकू बघत होती.